ठळक अक्षराचा शेजारधर्म

शब्दकोशात शब्द शोधताना आपण वाचत नसतो. बोट पानावरून खाली सरकत असतं, नजर एका काळ्या शब्दावरून पुढच्या काळ्या शब्दावर जात असते आणि अधलामधला सगळा बारीक मजकूर, म्हणजे व्याख्या, व्युत्पत्ती, दाखले, नुसता करडा दिसत असतो. हवा तो शब्द सापडला की मग वाचन सुरू होतं. आणि ते सुरू झालं की तो काळा शब्द मुकाट्याने बाजूला होतो. त्याच ओळीत, त्याच उंचीत बसलेला असतो, पण व्याख्येच्या आड येत नाही.

हाक मारायची आणि मग गप्प बसायचं, ही दोन्ही कामं एकाच अक्षराकडून करून घेणं फार कठीण आहे. छापील अक्षरांमध्ये मला जे जे आवडतं, त्यात हे कसब सगळ्यांत वरचं. ज्या टाइपने, म्हणजे एका वळणाच्या अक्षरसंचाने, ते पहिल्यांदा नीट साधलं असं सहसा मानलं जातं, त्याचं नाव क्लॅरेंडन. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, तो 1845 साली बाजारात आणला. फाउंड्रीचे भागीदार रॉबर्ट बेस्ली यांच्या नावाशी तो जोडला गेला आहे. त्याचे पोलादी पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ ठसे, कोरले बेंजामिन फॉक्स यांनी. ठळक सेरिफ अक्षर, म्हणजे दांड्यांच्या टोकांना छोट्या आडव्या पट्ट्या असलेलं ठळक अक्षर, म्हटलं की आजही माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा हाच टाइप येतो: भरदार उभे दांडे, पायाशी जाड सेरिफ, दांड्यातून सेरिफमध्ये वळण घेत उतरणारा सांधा, आणि इंग्रजीतल्या छोट्या ‘ए’, ‘सी’, ‘आर’ यांच्या टोकांना गोल गोळे.

क्लॅरेंडनच्या आधी इंग्रजी छपाईत एखादा शब्द उठून दिसायला हवा असला तर मुद्रकाकडे मोजकेच मार्ग होते. तिरपा, म्हणजे इटॅलिक टाइप लावायचा. कॅपिटल किंवा स्मॉल कॅपिटल अक्षरं लावायची. नाहीतर जुन्या ब्लॅकलेटर वळणाची, म्हणजे जुन्या हस्तलिखितांतल्यासारख्या गडद, टोकदार अक्षरांची, मदत घ्यायची. सॅम्युअल जॉन्सन यांच्या 1755 च्या शब्दकोशात शीर्षशब्द कॅपिटल अक्षरांत आहेत. ती पानं देखणी आहेत, पण कॅपिटलमध्ये शब्दाचा बाह्याकार हरवतो. सगळी अक्षरं एका उंचीची. वर जाणारे दांडे नाहीत, खाली उतरणारी शेपटं नाहीत. इटॅलिकचं वेगळंच आहे. वाक्य वाचत असताना इटॅलिक शब्दावरचा जोर बरोबर कळतो, पण हाताच्या अंतरावरून पान चाळताना तो शब्द सापडत नाही, कारण त्याचा काळेपणा भोवतालच्या मजकुराइतकाच असतो, किंबहुना थोडा कमीच. शोधण्यासाठी रंगातला फरक लागतो, आणि काळ्या शाईने छापलेल्या पानावर रंगातला फरक म्हणजे जाडीतला फरक.

जाड अक्षरं त्या काळी अजिबात नव्हती असं मात्र नाही. एकोणिसावं शतक उजाडताना लंडनच्या भिंती छापील जाहिरातींनी भरू लागल्या होत्या आणि पुस्तकी टाइप मोठा करून भिंतीवर लावला की तो अगदीच किरकोळ दिसत असे. त्यावर उपाय म्हणून ‘फॅट फेस’ आला. त्याचं श्रेय सहसा रॉबर्ट थॉर्न यांना दिलं जातं, आणि त्यांचीच फाउंड्री पुढे फॅन स्ट्रीटची फाउंड्री म्हणून नावारूपाला आली. फॅट फेसमध्ये उभे दांडे विलक्षण फुगवलेले आणि आडव्या रेषा आणि सेरिफ केसासारखे बारीक. अक्षराच्या आतल्या पोकळ्या उभ्या फटींएवढ्या उरलेल्या. सरकारी लॉटरीच्या जाहिरातींनी अशी अक्षरं हौसेने वापरली. थॉर्न 1820 मध्ये वारले, तेव्हा विल्यम थॉरोगुड यांनी ती फाउंड्री लिलावात विकत घेतली, आणि त्यासाठीचा पैसा त्यांना लॉटरीतच मिळालेला होता. ब्रिटिश सरकारने लॉटरी बंद केली ती 1826 साली. बेस्ली पुढे याच थॉरोगुड यांचे भागीदार झाले.

फॅट फेसच्या पाठोपाठ व्हिन्सेंट फिगिन्स यांनी ‘अँटिक’ नावाने दुसरा मार्ग दाखवला: सगळ्या रेषा जवळजवळ सारख्या जाडीच्या आणि सेरिफही दांड्याइतकेच जाड, काटकोनात बसवलेले. आज आपण ज्यांना स्लॅब सेरिफ म्हणतो त्यांचं मूळ इथे आहे. फॅट फेस आणि अँटिक दोन्ही दुरून दिसण्यासाठी जन्मले. त्यांना शेजार असा नव्हताच. भिंतीवर एक ओळ एका टाइपात, पुढची दुसऱ्या टाइपात, आणि प्रत्येक ओळ स्वतःपुरती ओरडणारी. हीच अक्षरं बारीक मजकुरात आणून बसवली की फॅट फेसच्या केसासारख्या रेषा छपाईत नाहीशा होतात आणि अँटिक ओळीत काळा ठिपका होऊन बसतो. मजकुराच्या मध्येच तो ठिपका डोळ्याला इतका टोचतो की भोवतालची वाक्यं नीट वाचवत नाहीत.

क्लॅरेंडनने नेमकं काय बदललं? मूळ 1845 चा क्लॅरेंडन आजच्या परिचित, रुंद आणि ऐसपैस क्लॅरेंडनसारखा नव्हता. तो अंगाने चिंचोळा होता, कारण त्याला पुस्तकाच्या ओळीत, साध्या रोमन अक्षरांना चिकटून बसायचं होतं. त्याने अँटिककडून भक्कमपणा घेतला, पण जाड-बारीक रेषांमधला थोडा फरक ठेवला. सेरिफ दांड्याला वळणाने जोडले. छोट्या अक्षरांची उंची आणि पायाची रेषा शेजारच्या रोमन टाइपशी जुळतील अशी धरली. आजच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. संगणकावर ‘बी’चं बटण दाबलं की ठळक अक्षर हजर होतं. पण साध्या अक्षराला एक ठळक जोडीदार असावा, दोघांनी एकाच ओळीत नांदावं, ही गोष्ट कुणीतरी पोलादात कोरून दाखवायला लागली होती.

फॉक्स यांच्या हातातल्या कामाचं माप डोळ्यांपुढे आणून पाहिलं की माझा आदर वाढतो. आठ पॉइंटचा टाइप म्हणजे सुमारे 2.8 मिलिमीटरची पूर्ण उंची. त्यात छोट्या ‘ई’ची उंची साधारण निम्मी, म्हणजे दीड मिलिमीटरही नाही. तेवढ्या उंचीत आडव्या तीन रेषा बसवायच्या, वरची कमान, मधली दांडी, खालची वाटी, आणि त्यांच्यामध्ये दोन पांढऱ्या जागा. पोलादाच्या पट्टीच्या टोकावर हे सगळं उलटं, प्रत्यक्ष मापात कोरायचं. आतली पोकळी बरेचदा आधी एका वेगळ्या काउंटरपंचने ठोकून घेत आणि मग बाहेरची कड कानशीने घासत. अधूनमधून पंच ज्योतीच्या काजळीत धरायचा, कागदावर दाबायचा आणि उठलेला ठसा पाहायचा. मग तो कडक करून तांब्यात ठोकायचा, तयार झालेल्या मातृकेत, म्हणजे साच्यात, शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा रस ओतायचा, तेव्हा कुठे एक खिळा.

ठळक अक्षर काढणं म्हणजे साध्या अक्षराला सगळीकडून सारखी जाडी चढवणं, अशी अनेकांची समजूत असते. ‘ई’च्या उदाहरणाने ती लगेच मोडते. उभा दांडा जाड करायला डाव्या-उजव्या बाजूला जागा आहे. अक्षर थोडं रुंद केलं की झालं. आडव्या रेषेला मात्र जागाच नाही, कारण उंची शेजारच्या साध्या अक्षराने ठरवून दिलेली आहे. त्या उंचीत तिन्ही आडव्या रेषा जाड केल्या तर ‘ई’चा डोळा बुजतो. म्हणून ठळक अक्षरात उभ्या रेषा पुष्कळ जाड होतात, आडव्या अगदी थोड्या. अक्षर जितकं ठळक, तितका जाड-बारीकमधला फरक वाढत जातो. हा फरक कुणाच्या आवडीनिवडीतून आलेला नाही, तो भूमितीतून आला आहे. छोटा ‘ए’, दोन मजली छोटा ‘जी’ आणि ‘एस’ ही अक्षरं याच कारणाने सगळ्यांत कठीण. ‘एस’चा मधला तिरका कणा जाड हवा, पण वरखालच्या वळणांनी आतल्या बाजूने दाटी केलेली असते. एखादा ठळक टाइप कसदार आहे की नाही हे पाहायचं असेल तर मी आधी ही अक्षरं पाहते. ‘एच’ आणि ‘आय’ कुणालाही जमतात.

मग सांधे. ‘एन’ची कमान दांड्यातून बाहेर पडते तिथे दोन जाड रेषा एकत्र येतात आणि तिथे शाई साठते. त्यामुळे कमान सांध्यापाशी बारीक करावी लागते, मग खांद्याशी फुगवावी लागते. विसाव्या शतकात मॅथ्यू कार्टर यांनी अमेरिकन टेलिफोन डिरेक्टरीसाठी 1978 मध्ये काढलेल्या बेल सेंटेनियलमध्ये याच सांध्यांमध्ये चक्क खोल खाचा ठेवल्या, म्हणजे पातळ कागदावर शाई पसरून त्या आपोआप भरून निघतील. तो सेरिफ नसलेला टाइप, म्हणजे क्लॅरेंडनपेक्षा वेगळ्या कुळाचा. पण प्रश्न तोच: बारीक मापात नाव शोधून द्यायचं आणि शेजारचा पत्ता वाचू द्यायचा.

अक्षराच्या आतली पांढरी जागा कमी झाली की अक्षरांमधलीही कमी करावी लागते, नाहीतर शब्द विस्कटतो. म्हणजे ठळक अक्षरात काळं वाढवताना खरा हिशोब पांढऱ्याचा चालू असतो. शिरोरेषेखाली ‘क्ष’ किंवा ‘झ’ जाड करून बसवणारे देवनागरीचे अक्षरकार हाच हिशोब आणखी अवघड अटींवर करतात. सेरिफ इथे फार उपयोगी पडतात. जाड दांडे एकमेकांच्या जवळ उभे राहिले की नजर उभ्या रेषांमध्ये अडकू लागते. पायाशी असलेले आडवे सेरिफ तिला ओळीच्या दिशेने पुढे नेतात. क्लॅरेंडनचे वळणदार सांधे तर मला या टाइपचा प्राणच वाटतात. फिगिन्सच्या काटकोनी सेरिफपाशी नजर थबकते. क्लॅरेंडनमध्ये दांडा सेरिफमध्ये मिसळून जातो, आणि शेजारच्या पुस्तकी रोमन अक्षरातही सेरिफ असेच मिसळलेले असतात. दोघांच्या जाडीत इतकी तफावत असूनही दोघं एका घरचे वाटतात ते या सांध्यामुळे.

बेस्लींना आपल्या टाइपचं मोल ठाऊक होतं. ब्रिटनमध्ये 1842 च्या कायद्याने नक्षी आणि आकारांना संरक्षण देण्याची सोय झाली होती. तिचा आधार घेऊन त्यांनी क्लॅरेंडनची नोंदणी केली. संरक्षण मिळालं तीन वर्षांचं. ती मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी आपापले क्लॅरेंडन काढले, आणि थोड्याच काळात ते नाव एका टाइपचं न राहता एका जातीचं झालं. बेस्ली यांचं फारसं अडलं नाही. 1869 मध्ये ते लंडनचे लॉर्ड मेयर झाले. तीन वर्षांचं संरक्षण मला फारच तोकडं वाटतं. टाइपच्या आराखड्याला कष्ट लागतात हे तेव्हाच्या कायद्याने मान्य केलं, एवढं मात्र खरं.

शब्दकोशांना तर असा टाइप हवाच होता. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसमधून 1884 मध्ये ज्या महाकोशाचा, म्हणजे आजच्या ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’चा, पहिला भाग निघाला, त्याचे शीर्षशब्द ठळक अक्षरांत आहेत. त्या कोशाच्या पानावर किती प्रकारचे आवाज एकत्र नांदतात! शीर्षशब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अर्थांचे क्रमांक, शतकानुशतकांतले दाखले, त्यांची सालं, लेखकांची नावं. या सगळ्यांना वेगळं करायला पानावर फक्त काळी शाई आणि टाइपांची निवड आहे. ठळक अक्षर त्यात सर्वांत कमी जागा घेतं आणि सर्वांत आधी दिसतं. आणि ते मोजक्या जागी असल्यामुळेच दिसतं. प्रत्येक दाखल्यातला शब्द ठळक केला असता तर शीर्षशब्द पुन्हा हरवला असता. पुढे पाठ्यपुस्तकं, वेळापत्रकं, सूच्या, जिथे जिथे माणूस आधी शोधतो आणि मग वाचतो, तिथे तिथे ही जोडी स्थिरावली.

दुसरीकडे क्लॅरेंडन भिंतीवर पोचला आणि तिथे त्याचं रूप पालटलं. अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी 1827 मध्ये लाकडी टाइप यंत्राने कोरायची रीत काढली आणि पुढच्या वर्षी त्याची नमुनापुस्तिका छापली. 1834 मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी तिला पँटोग्राफची, म्हणजे आकृती लहान-मोठी करून गिरवणाऱ्या उपकरणाची, जोड दिली. आता एकाच आराखड्यावरून लहान-मोठी, रुंद-चिंचोळी अक्षरं काढणं सोपं झालं. मोठा शिशाचा खिळा जड असतो, महाग असतो आणि ओतताना त्याचा चेहरा सपाट येत नाही; लाकडाला या अडचणी नाहीत. जाहिरातीची प्रत्येक ओळ कागदाच्या पूर्ण रुंदीला भिडवायची पद्धत होती, त्यामुळे लहान शब्दाला रुंद क्लॅरेंडन आणि लांब शब्दाला चिंचोळा क्लॅरेंडन लागे. त्यातूनच ‘फ्रेंच क्लॅरेंडन’ या नावाचा प्रकार आला, ज्यात वरचे आणि खालचे सेरिफ दांड्याहून जाड असतात. सर्कशीच्या जाहिराती आणि फरार गुन्हेगारांची पत्रकं म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती हीच अक्षरं. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावी 1880 मध्ये सुरू झालेल्या हॅमिल्टन कंपनीने लाकडी टाइपाचा मोठा कारखाना उभा केला; तिच्या नावाचं संग्रहालय आज त्याच गावात आहे. ती पोस्टरं मला मनापासून आवडतात. पण त्यांच्यातला क्लॅरेंडन एकट्याने जगणारा आहे. त्याला बारीक मजकुराची पर्वा करायची गरज उरलेली नाही, म्हणून तो हवे तसे सेरिफ वाढवू शकतो, हवं तितकं अंग चोरू शकतो.

त्याच्या कुळातल्या टाइपांनी वर्तमानपत्रात जे केलं, ते मला यापेक्षाही मोलाचं वाटतं. स्वस्त कागद, वेगाने फिरणारी रोटरी यंत्रं आणि मूळ जुळणीवरून साचा घेऊन ओतलेल्या प्लेटा, या सगळ्यांतून जाताना नाजूक पुस्तकी टाइपाच्या बारीक रेषा टिकत नसत. अक्षरजुळणीची यंत्रं बनवणाऱ्या लायनोटाइप कंपनीने चॉन्सी ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली 1925 मध्ये ‘आयोनिक नंबर 5’ काढला. क्लॅरेंडनच्याच वळणाचा, पण वजनाने हलका केलेला: उघड्या पोकळ्या, भक्कम सेरिफ, फारशी बारीक नसलेली आडवी रेषा. त्याच वाटेने 1931 मध्ये एक्सेलसियर आला. ठळक अक्षरापाशी कमावलेला काटकपणा आता साध्या मजकुराच्या अक्षराला मिळाला होता. ज्याच्यासाठी जोडीदार घडवला, त्यालाच जोडीदाराकडून हाडं मिळाली.

लायनोटाइप यंत्राने या जोडीला आणखी एक अट घातली, आणि तिच्याविषयी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. या यंत्राच्या एकेका पितळी मातृकेवर दोन अक्षरं कोरलेली असत: एक साधं आणि त्याच्यासोबत त्याच अक्षराचं इटॅलिक किंवा ठळक रूप. मातृका जरा वर उचलली की दुसरं अक्षर ओतलं जाई. म्हणजे साधा ‘एम’ आणि ठळक ‘एम’ यांची रुंदी तंतोतंत सारखी असायलाच हवी. मघाशी म्हटलं की ठळक अक्षराला जाड व्हायला रुंदीत जागा मिळते. इथे तीही वाट बंद. अक्षरकाराला साधं अक्षर थोडं मोकळं आणि ठळक थोडं आवळलेलं काढून मधला मार्ग गाठावा लागे. या जुन्या जोड्या शेजारी ठेवून पाहिल्या की साध्याने ठळकासाठी किती जागा सोडली आणि ठळकाने साध्यासाठी किती अंग चोरलं ते स्पष्ट दिसतं. अटींमुळे त्यातली काही अक्षरं अवघडलेली आहेत, विशेषतः रुंद अक्षरं. पण पानावर त्यांचा मेळ असा बसतो की मोकळीक मिळालेल्या पुढच्या काळातल्या कित्येक जोड्यांना तो साधलेला नाही.

क्लॅरेंडनला दुसरा जन्म मिळाला तो 1950 च्या दशकात. स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीसाठी हर्मन आयडेनबेंझ यांनी 1953 मध्ये नवा क्लॅरेंडन काढला, 1955 मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी फ्रीमन क्रॉ यांनी आपला काढला. आज ‘क्लॅरेंडन’ म्हटल्यावर बहुतेकांना आठवतं ते हेच रुंद, प्रसन्न, स्वच्छ रूप. मोठ्या ‘आर’चा उजवा पाय खाली येऊन टोकाला वर वळतो, ते माझं त्यातलं सर्वांत लाडकं वळण. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या लाकडी पाट्यांवर क्लॅरेंडन वळणाची अक्षरं वर्षानुवर्षं कोरली गेली; पुढे त्यांची जागा खास उद्यान सेवेसाठी काढलेल्या रॉलिन्सन टाइपाने घेतली. लाकूड कोरणाऱ्या यंत्राचं पातं गोल असतं, त्याला आतला कोपरा काटकोनी काढता येत नाही. सेरिफ आणि दांड्याच्या सांध्यात वळण असलेलं अक्षर तिथे छान बसतं, आणि झाडांच्या सावलीत पांढऱ्या रंगाने भरलेली ती जाड अक्षरं दुरूनही वाचता येतात. सोनीचं नाव ज्या अक्षरांत लिहिलं जातं, त्यांचं नातंही याच कुळाशी आहे.

पडद्यावर पुन्हा मूळ प्रश्न उभा राहिला. मॅथ्यू कार्टर यांचा जॉर्जिया हा सेरिफ टाइप 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टने उपलब्ध करून दिला. तेव्हाच्या पडद्यांवर लहान मापाच्या साध्या अक्षराचा उभा दांडा एक पिक्सेल जाड असे. त्याहून ठळक करायचं तर पुढची पायरी दोन पिक्सेल. दीड पिक्सेल असा काही प्रकार नव्हता. म्हणून जॉर्जियाचं ठळक रूप छापील सवयीच्या मानाने बरंच जाड आहे. कार्टर यांनी आधी पिक्सेलमध्ये अक्षरं बसवली आणि मग त्यांभोवती बाह्यरेषा काढली, आणि टॉम रिकनर यांनी त्या रेषा पिक्सेलच्या जाळीत नेमक्या बसतील अशा सूचना फाँटमध्ये भरल्या. पडदे कितीतरी सुधारले तरी जॉर्जियाचं ठळक अक्षर मला अजून आवडतं. अडचण अशी थेट अंगावर घेतली की अक्षराला एक सरळ, निःशंक स्वभाव येतो.

याच्या अगदी उलट म्हणजे खोटा ठळकपणा. फाँटमध्ये ठळक रूप नसलं की ब्राउझर किंवा लेखनाचं सॉफ्टवेअर साध्या अक्षराची बाह्यरेषा फुगवून किंवा तेच अक्षर किंचित सरकवून पुन्हा छापून काम भागवतं. ‘ई’चा डोळा बुजतो, सांधे चिकटतात, सेरिफ फुगतात आणि गोळे बेढब होतात. वर सांगितलेलं सगळं काम, पोकळ्या जपणं, आडव्या रेषा आवरणं, अंतर जुळवणं, यातलं काहीही झालेलं नसतं. हे पाहिलं की मला वाईट वाटतं, विशेषतः चांगल्या मजकुराच्या बाबतीत. उपाय साधा आहे: ज्या टाइपाचं ठळक रूप स्वतंत्र काढलेलं आहे तोच निवडायचा आणि ते रूप पानासोबत खरोखर पाठवलं जातंय याची खात्री करायची. वेबच्या भाषेत साधं म्हणजे 400 आणि ठळक म्हणजे 700. 2016 मध्ये अडोबी, अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून व्हेरिएबल फाँटचं तंत्र जाहीर केलं, तेव्हापासून या दोन आकड्यांच्या मधलं कुठलंही वजन एकाच फाइलमधून मागता येतं. बेस्लींच्या नावाने क्लॅरेंडन वळणाचा एक मुक्त फाँटही आज कुणालाही वापरता येतो.

मधली वजनं मिळू लागल्यापासून माझी स्वतःची सवय बदलली आहे. मजकुराच्या ओळीत बसणाऱ्या ठळक शब्दाला मी बहुतेक वेळा पूर्ण 700 देत नाही. 600 च्या आसपास तो दिसतोही आणि परिच्छेदाला भोकही पाडत नाही. वेगळ्या ओळीतल्या शीर्षकाला मात्र पूर्ण वजन हवं, कारण तिथे त्याच्या डावी-उजवीकडे कुणी नसतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असली तर वजन आणखी एक पायरी उतरवते, कारण उजळ अक्षर डोळ्याला आहे त्याहून जाड भासतं. वाक्यातल्या आवाजाचा चढउतार दाखवायला मी ठळक अक्षर वापरत नाही. परिच्छेदात पाच-सहा शब्द ठळक केले की वाचणारा वाक्य सोडून त्या शब्दांवरूनच उड्या मारत जातो, आणि लिहिणाऱ्याने वाक्य घडवायला घेतलेले कष्ट फुकट जातात. संज्ञा पहिल्यांदा आली, प्रवेशाचा शब्द आहे, वाचक पुढे हे शोधत परत येणार आहे, अशा जागी ठळक अक्षर.

नवा ठळक सेरिफ टाइप हाती आला की त्याची मोठी, देखणी नमुनापाटी मी बाजूला ठेवते. त्याच्या साध्या रूपात एक लांब परिच्छेद लावते, त्यात दोनच शब्द ठळक करते आणि माप आठ पॉइंटवर आणून कागदावर छापते. कागद हातभर लांब धरला तर ते दोन शब्द चटकन सापडायला हवेत. मग कागद जवळ घेऊन सबंध परिच्छेद वाचते. त्या दोन शब्दांपाशी वाचन अडखळलं नाही, ओळीची पायरेष तिथे खचलेली वाटली नाही आणि ‘ई’चे डोळे उघडे राहिले, तर तो टाइप माझ्या कामाचा.